बेचाळीस नोड, एक गाडी आणि गळकी पखाल

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती पहाटे साडेचारला, अकराव्या नोडपाशी. एकूण नोड, म्हणजे सेन्सरच्या सीलबंद डब्या, बेचाळीस. हरितगृहात फिरून त्यांचे सेल वायरशिवाय भरायचे, हे गाडीचं काम. आदल्या पहाटे पाचला सोडलेली गाडी साडेतेवीस तासांत पाव वाटही चालली नव्हती. मी हरितगृहाच्या दारातल्या खुर्चीवर पेंगत होते, आणि लॅपटॉपवर शेवटची ओळ येऊन थांबली होती: बॅटरी कमी, बंद होत आहे. आत टॉर्च घेऊन गेले तर ती नोडला आपली कॉइल, म्हणजे ऊर्जा पाठवणारं तारेचं वेटोळं, लावून मुकाट उभी. हात लावला तर कॉइलमागचा बोर्ड चांगलाच गरम. म्हणजे ऊर्जा कुठेतरी जात होती खरी, फक्त नोडच्या सेलमध्ये जात नव्हती.

तोवर माझ्या वहीत एकच आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आणि दोनदा अधोरेखित केलेला होता: २६२ मीटर. हा माझा अभिमानाचा आकडा. त्याचं पुढे काय झालं ते सांगते, पण आधी हा उपद्व्याप कशासाठी चालला होता ते सांगायला हवं.

हरितगृह ४० मीटर लांब, २० मीटर रुंद. आत बेचाळीस ठिकाणी साबणाच्या डबीएवढे सीलबंद नोड, प्रत्येकात हवेचं तापमान, आर्द्रता आणि मातीतली ओल मोजणारे सेन्सर. दर पाच मिनिटांनी नोड वाचन घेतो, शेजारच्या नोडला देतो, तो पुढच्याला, असं करत ते दाराजवळच्या गेटवेपर्यंत, म्हणजे सगळी वाचनं गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचतं. सेल बदलायचं काम अर्थातच सगळ्यात नव्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे. डबी उघडली की रबराची गॅस्केट पूर्वीसारखी बसत नाही, दमट हवा आत शिरते आणि पुढच्या महिन्यात सेन्सर काहीतरी अचाट वाचनं देतो. सौर पट्टी लावून पाहिली होती. झाडं वाढली की ती पानांच्या सावलीत जाते, आणि वाढली नाहीत तर हरितगृहाचा उपयोग काय!

सगळ्यात जास्त खाणारा अवयव रेडिओ. आमच्या नोडमधली सीसी२४२० ही जुनी, सगळ्यांच्या ओळखीची चिप पूर्ण जोराने बोलताना १७.४ मिलिअँपिअर घेते आणि ऐकताना १८.८. बोलण्यापेक्षा ऐकणं महाग. म्हणून नोड बहुतेक वेळ कान बंद करून झोपतो आणि ठरावीक क्षणीच जागा होतो. लांबच्या नोडचा रेडिओ साधारण १ टक्का वेळ चालू असायचा, म्हणजे सरासरी ०.२ मिलिअँपिअर. गेटवेजवळच्या सात नोडना मात्र आपलं सांगून भागत नाही, मागच्या सगळ्यांचे निरोप पुढे पोचवावे लागतात. त्यांचा रेडिओ ५ टक्के चालू, सरासरी १ मिलिअँपिअर. सगळ्यांना सारखाच सेल दिला तरी दारापाशी, भिंतीतल्या विजेच्या बोर्डापासून दोन मीटरवर बसलेले नोड सगळ्यात आधी मरत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

वायरशिवाय वीज देण्याची कल्पना निकोला टेस्ला या संशोधकाइतकी जुनी आहे, पण आमच्या कामाच्या अंगाने खरी सुरुवात २००७ ची. एमआयटीत मारिन सोल्याचिच यांच्या गटाने एकाच वारंवारतेला जुळवलेल्या दोन कॉइलमधून २ मीटर अंतरावरचा ६० वॅटचा दिवा पेटवून दाखवला, सुमारे ४० टक्के कार्यक्षमतेने. मग सेन्सर जाळ्यांवर काम करणाऱ्यांना सुचलं की एक गाडी फिरत ठेवून नोडना जागच्या जागी भरत राहिलं तर जाळं कधी मरायलाच नको. २०११ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या थॉमस हाउ आणि सहकाऱ्यांनी त्याचं गणित मांडलं: गाडीने सगळ्या नोडना एकदा भेट देऊन घरी परतायचं, वाट शक्य तितकी आखूड घ्यायची, आणि एकूण चक्रातला जास्तीत जास्त वेळ घरी विश्रांतीत घालवायचा. त्या वेळेला त्यांनी चक्क ‘सुट्टी’ म्हटलंय. वाचताना मला हसू आलं होतं. चार्जिंगच्या गाडीला कसली आलीय सुट्टी?

सरांनी सुरुवातीलाच विचारलं, “गाडी किती अंतर चालणार?”

प्रश्न साधा होता, पण मी तो मनावर घेतला. सगळी ठिकाणं एकेकदा घेऊन सगळ्यात आखूड वाटेने घरी परतायचं, फिरत्या विक्रेत्याचा हा जुना प्रश्न गणितवाल्यांना फार प्रिय. दहाच ठिकाणं असली तरी फेऱ्यांचे वेगळे क्रम १,८१,४४० होतात. बेचाळीसना सगळे क्रम तपासायचा विचारही करायचा नाही. मी ओळीओळीने नागमोडी जाणाऱ्या वाटेपासून सुरुवात केली. ती ३१० मीटर भरली. मग दोन-दोन तुकडे उलटून पाहायचे, वाट आखूड झाली तर ठेवायचे, नाही तर सोडून द्यायचे. त्यावर ओळींमधल्या अरुंद जागा, गाडीला वळायला लागणारी जागा, नळ्यांचे अडथळे. असं चार महिने घासून वाट २६२ मीटरवर आली. मी तिचा रंगीत नकाशा छापून भिंतीवर लावला. सर म्हणाले, “छान.” सरांच्या ‘छान’चे बरेच अर्थ असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गाडी चौदा किलोची. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे कागदावर २४० वॅट-तास. वाट ओळखायला लेझरने अंतरं मोजणारा लायडार, विचार करायला छोटा कॉम्प्युटर, आणि पुढे आडव्या हातावर २० सेंटिमीटर व्यासाची कॉइल. नोडच्या डबीत १० सेंटिमीटरची कॉइल आणि ५०० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम सेल. २५० मिलिअँपिअरने भरायचा, म्हणजे सेलला मिळणार साधारण १ वॅट.

त्या पहाटे गाडी ओढत घरी आणली आणि बॅटरीवरच्या मापकाची नोंद उघडून हिशेब मांडला. दहा नोड पुरे झाले होते. प्रत्येकापाशी गाडी दोन तास सतरा मिनिटं उभी होती, कारण मी सेल पूर्ण भरायला सांगितला होता. म्हणजे नुसतं उभं राहण्यात तेवीस तास. तेवढा वेळ लायडार आणि कॉम्प्युटर मिळून ६ वॅट खात बसले होते: १३७ वॅट-तास. कॉइलच्या सर्किटने घेतले साधारण ६५, त्यातले सेलपर्यंत पोचले १५. आणि चालण्यात गेले अर्ध्या वॅट-तासाहून कमी.

अर्ध्याहून कमी! ती ओळ मी तीनदा तपासली. चौदा किलोची गाडी सपाट काँक्रीटवर हळूहळू चालवायला मीटरमागे साधारण १० ज्यूल लागतात. माझ्या चार महिन्यांनी वाचवलेल्या ४८ मीटरचं मोल, वाचलेला वेळ धरूनही, ०.४ वॅट-तास. उभ्या गाडीचा कॉम्प्युटर तेवढं चार मिनिटांत गिळत होता. १ वॅट द्यायचा आणि देताना शेजारी ६ वॅट जाळायचे, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. प्रयोगशाळेतल्या मुलांनी त्याच दिवशी गाडीचं नाव ‘पखाल’ ठेवलं. नाव टिकलं.

सरांना आकडे दाखवले. ते नकाशाकडे बघत म्हणाले, “वाट चांगली आहे गं. पण गाडीचं आयुष्य वाटेवर जात नाहीये, थांब्यावर जातंय.” मग थांबून, “मीच चुकीचं विचारलं होतं तुला.” हे त्यांनी म्हणायची काही गरज नव्हती. वाट मोजण्याआधी एकदा उभी गाडी मोजायची, एवढं मला सुचायला हवं होतं.

पहिलं काम उभी गाडी झोपवण्याचं. कॉइल लागली की एका छोट्या मायक्रोकंट्रोलरने बाकी सगळं बंद करायचं आणि एकट्याने चार्जिंगवर नजर ठेवायची. ६ वॅटचे ०.४ झाले. अर्ध्या दिवसाचं काम, आणि चार महिन्यांच्या वाटेपेक्षा शेकडो पटींनी जास्त बचत. मात्र पहिल्या दिवशी त्याने दगा दिला. झोपेतून उठलेल्या कॉम्प्युटरला वाटलं की आपण घरी, सुरुवातीच्या जागी आहोत. तो मोठ्या आत्मविश्वासाने ‘घरातून निघाला’, आणि प्रत्यक्षात तिसऱ्या ओळीच्या मधोमध असल्यामुळे ठिबकच्या नळीचा स्टँड पाडून मोकळा झाला. हरितगृह सांभाळणारे काका धावत आले. “ताई, तुमची गाडी झोपेत चालते का?” शब्दशः तसंच होतं. झोपण्याआधी स्वतःची जागा आणि तोंड कुठे आहे ते लिहून ठेवायचं, एवढ्या एका ओळीने ते सुटलं.

दुसरं काम कॉइलचं, आणि यात मी सगळ्यात जास्त रमले.

दोन कॉइलमध्ये किती ऊर्जा पोचेल हे बरंचसं एका गुणाकारावर ठरतं: दोघींमधली जोडणी किती घट्ट, आणि प्रत्येक कॉइल स्वतः किती निर्मळ वाजते, म्हणजे किती कमी ऊर्जा वाया घालवते, तो तिचा क्यू. हा गुणाकार १० असला तर जास्तीत जास्त ८२ टक्के मिळू शकतात. ३ असला तर ५२. १ वर आला की १७. आमच्या कॉइल बारीक तारा एकत्र पिळून केलेल्या लिट्झ वायरच्या, क्यू शंभराच्या आसपास. समोरासमोर, सहा सेंटिमीटर अंतरावर ठेवल्या की गुणाकार दहापर्यंत जायचा. टेबलावर. हरितगृहात गाडी नोडपाशी थांबायची ती कधी चार सेंटिमीटर अलीकडे, कधी सात पलीकडे, कधी जराशी तिरकी. लायडारला आपण नेमके कुठे आहोत हे पाचेक सेंटिमीटरच्या फरकाने कळतं, आणि आख्ख्या खोलीत पाच सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं मीच ठरवून टाकलं होतं. दहा सेंटिमीटरच्या कॉइलला पाच सेंटिमीटर म्हणजे निम्म्या अंगाएवढी चूक.

दोन चाकांच्या गाडीला बाजूला सरकता येत नाही. पुढे जा, मागे ये, वळ, एवढंच. म्हणून हातावर स्टेपर मोटरची छोटी सरकपट्टी बसवली, डावी-उजवीकडे आठ-आठ सेंटिमीटर. पुढे-मागे गाडी स्वतः सरकेल, आडवी कॉइल सरकेल. आणि नोडने रेडिओवर सांगत राहायचं की मला आत्ता किती करंट येतोय.

पहिली चाचणी रात्री घेतली, दिवसा काकांची पाण्याची गडबड असते म्हणून. मी चौदाव्या नोडसमोर जमिनीवर बसलेले. गाडी थांबली. नोडकडून आकडा आला: ७० मिलिअँपिअर. सरकपट्टी टिक टिक करत डावीकडे एक सेंटिमीटर गेली: ५५. चुकली. परत फिरली, उजवीकडे: ७०, ९५, १२०. थांबली. गाडी बोटभर पुढे आली: १६०. अजून जरा: २०५. पुन्हा उजवीकडे: २३५, २५०. पुढे काही वाढेना, कारण चार्जरच त्याहून जास्त घेत नाही. मग गाडीकडच्या कॉइलचा खर्च हळूहळू कमी होत गेला आणि एका जागी स्थिर झाला. काळोखात एखादा माणूस कुलपाचं भोक चाचपतो तशी ती चाचपत होती. पूर्ण खेळ चाळीस सेकंदांचा. गाडीच्या बॅटरीपासून नोडच्या सेलपर्यंतचा हिशेब पंचवीसेक टक्क्यांवरून पन्नासवर आला. घरी जाताना मला कोणालातरी फोन करून सांगावंसं वाटत होतं, पण रात्री साडेबाराला “करंट अडीचशेवर गेला” हे ऐकून घेणारं कोणी नव्हतं.

तिसरं काम म्हणजे सेल कुठवर भरायचा. लिथियम सेल आधी ठरलेल्या करंटने भरतो, ४.२ व्होल्टला पोचला की व्होल्टेज तेवढंच धरून करंट हळूहळू कमी होत जातो. २० टक्क्यांपासून ८० पर्यंत जायला आमच्याकडे ७२ मिनिटं लागत, आणि उरलेले २० टक्के ओतायला आणखी पासष्ट. शेवटच्या घोटांसाठी गाडी जवळजवळ तितकाच वेळ उभी. खोलीत, सॉकेटला लावलेल्या फोनला हे चालतं, सॉकेटची कुठे वाट बघतंय कोणी? इथे सॉकेटच पुढच्या नोडकडे जायचं होतं. ८० वर तोडायचं ठरवलं. सेललाही ते मानवतं.

मधे एक मोह सेलऐवजी सुपरकपॅसिटरमध्ये वीज साठवायचाही झाला. ते मिनिटांत भरतात. पण १०० फॅरडचा, २.७ व्होल्टचा सुपरकपॅसिटर पूर्ण भरला तरी त्यात ३६५ ज्यूलच मावतात, वॅट-तासाचा दहावा हिस्सा, आणि व्होल्टेज निम्मं झालं की आत उरते फक्त पाव ऊर्जा. दारापाशी बसलेल्या नोडकडे रोज चक्कर मारावी लागली असती. सोडून दिला.

यानंतरची पूर्ण फेरी दोन दिवस आणि काही तास चालली. कागदावर ११५ वॅट-तास लागायला हवे होते, प्रत्यक्षात १२३ लागले. बॅटरी अर्धी शिल्लक घेऊन पखाल घरी आली. काकांनी गाडीवरून हात फिरवला.

मग सरांनी नवा प्रश्न काढला. “पूर्ण फेरी मारायचीच कशाला?”

खरंच कशाला? दारापाशचे सात नोड ८० वरून २० वर यायला साडेबारा दिवस घेतात, लांबचे पस्तीस बासष्ट दिवस. हिशेब केला तर दिवसाला सरासरी एकाहून किंचित जास्त भेट पुरते, आणि गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या भेटी एकट्या त्या सातांच्या. पारड्यात सात एकीकडे, पस्तीस दुसरीकडे, आणि काटा मधोमध. गाडी दिवसाचे बावीस तास घरी बसून राहिली तरी चालणार होतं. ‘सुट्टी’ला हसले होते ती मी, आता तोच आकडा वाढवायच्या मागे लागले.

त्यामुळे बोलावल्यावर जायची पद्धत आणली. नोड २० टक्क्यांवर आला की हाक मारतो, गाडी सगळ्यात जवळच्या हाकेला आधी जाते, आणि जाताना वाटेत आणखी जवळची हाक आली तर ती घेते. ही युक्ती २०१३ च्या सुमाराच्या शोधनिबंधांमधली, माझी नाही. माझी भर होती ती एका नियमाची, आणि सगळा घोटाळा त्यानेच केला.

झालं असं की नोड आपली पातळी व्होल्टेजवरून ओळखत होते. लिथियम सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, आणि रेडिओ चालू झाला की क्षणभर खाली बसतं. त्यामुळे नुकताच भरलेला नोडही कधी कधी रडायचा: भूक लागली, भूक लागली. गाडी जायची, तो भरलेलाच. मी वैतागून नियम घातला की एकदा भरलेल्या नोडची हाक दहा दिवस ऐकायची नाही. साडेबारा दिवस पुरतं तर दहा दिवस ऐकायचं नाही, यात चुकीचं काय?

पाचव्या क्रमांकाचा नोड दारापाशच्या सातांतला. हरितगृहाला लागून रोपांची बंद खोली आहे, पत्र्याच्या भिंतीची. तिच्यातल्या सहा नोडचे निरोप दाराच्या फटीतून फक्त पाचव्यालाच ऐकू येत. कोणीतरी सोयीसाठी पाचवा नोड लाकडी खुंटीवरून काढून रोपांच्या लोखंडी जाळीच्या टेबलावर ठेवला. गाडी आली, चाचपडली, सगळ्यात चांगली जागा शोधली आणि भरायला लागली. त्या सगळ्यात चांगल्या जागी करंट होता ६० मिलिअँपिअर. लोखंडी जाळीत भोवरा-प्रवाह फिरत होते, कॉइलचा सूर बिघडला होता, ऊर्जा जाळी तापवण्यात जात होती. गाडीला मी ‘जास्तीत जास्त मिळेल तिथे थांब’ असं शिकवलं होतं. ‘ते पुरेसं आहे का बघ’ हे शिकवलं नव्हतं. ७२ मिनिटं झाली, तिने भेट पूर्ण अशी नोंद केली आणि घरी गेली. पाचव्याच्या पोटात पडले जेमतेम १४ टक्के.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पुन्हा हाका मारायला लागला असणार. नियमाप्रमाणे कोणी ऐकलं नाही. सातव्या दिवशी तो मेला, आणि त्याच्यामागच्या खोलीतले सहाही मुके झाले. त्यांच्यातल्या दोघांना चार्जिंग हवं होतं, पण हाक मारायला वाट तीच.

आणि आम्ही? आम्ही खूश होतो. तीन दिवस एकही हाक नाही, गाडी घरी, सुट्टीचा आकडा विक्रमी. स्क्रीनवर सगळे बेचाळीस हिरवे, कारण नवीन वाचन आलं नाही तर जुनंच दाखवत राहायचं असं ते पान लिहिणाऱ्याने, म्हणजे मीच, ठरवलं होतं. पकडलं काकांनी. “त्या खोलीत तीन दिवस तापमान एवढंसुद्धा हललं नाही म्हणता? दुपारी तिथे उभं राहवत नाही.”

ती दुपार मला चांगली आठवते. मी पाचवा नोड टेबलावरून उचलला, हातात धरूनच गाडी समोर आणली, आणि करंट २४० वर गेला. परत जाळीवर ठेवला, ६०. उचलला, २४०. असं मी पाच-सहा वेळा केलं, उगाच. माहीत असलेली गोष्ट डोळ्यांना दिसली की जरा वेळ सोडवत नाही.

दुरुस्त्या पुढच्या आठवड्यात झाल्या. नोडच्या कॉइलमागे फेराइटचा पातळ पत्रा लावला, तो चुंबकीय क्षेत्राला जाळीकडे जाण्याआधीच वळवतो. आता जाळीवरही दोनशेच्या पुढे मिळतात. भेट मिनिटांवर संपत नाही, सेलमध्ये किती मिलिअँपिअर-तास गेले त्यावर संपते. नोड व्होल्टेजवरून अंदाज न करता आत-बाहेर गेलेला चार्ज मोजून पातळी सांगतो, आणि ती प्रत्येक वाचनाबरोबर पाठवतो. दहा दिवसांचा नियम मी पुसून टाकला. त्याऐवजी बारा तास ज्याचा आवाज नाही त्याच्याकडे गाडी न बोलावता जाते, कारण अगदी उपाशी असलेला नोड हाक मारूच शकत नाही. शिळं वाचन स्क्रीनवर राखाडी दिसतं.

दोन महिन्यांनी एक लाट आली, तिची धास्ती जास्त होती आणि त्रास कमी झाला. सगळे नोड एकाच फेरीत भरलेले, त्यामुळे पस्तीसच्या पस्तीस लांबचे एकाच आठवड्यात भुकेले झाले. गाडी जवळचे आधी घेत गेली, कोपऱ्यातले थांबले. पण २० टक्के म्हणजे त्यांच्यासाठी अजून वीस दिवस, कोणी मेलं नाही. त्या खेपेला मुद्दाम कोणाला ६० वर सोडलं, कोणाला ७० वर, कोणाला ८५ वर, म्हणजे पुढच्या वेळी हाका विखरून येतील. तशा येतात.

भिंतीवर तो रंगीत नकाशा अजून आहे. हाकेसरशी निघणारी गाडी २६२ मीटरची ती वाट आता कधीच पूर्ण चालत नाही, पण काढून टाकायला हात होत नाही.

काल रात्री नोंदीत एक ओळ होती: नोड २३, जागेवर नाही. गाडीने आठ-आठ सेंटिमीटर दोन्हीकडे चाचपून पाहिलं होतं, दोनदा पुढे-मागे केलं होतं आणि घरी परत आली होती. सकाळी गेले तर तेविसावा नोड वर नळीच्या हुकाला टांगलेला, जमिनीपासून दीड मीटरवर. खाली पाणी साचतं म्हणून काकांनी उचलून ठेवला होता. वाचनं मात्र व्यवस्थित येत होती, पातळी २० टक्के. अजून दोन आठवडे तरी घाई नाही. काका सुट्टीवरून परवा येतील, तेव्हा विचारेन तो तिथेच राहणार आहे का. राहणार असेल तर गाडीचा हात उंच करावा लागेल.